पहारेकरी खाली बसली

रावयाला आमच्या जिन्यावर सगळे अब्ला म्हणतात. इथे शुब्र्यात, या अरबी शहराच्या आमच्या वस्तीत, मास्तरणीला आणि थोरल्या बहिणीला हाच एक शब्द. आपल्या 'अबला'शी त्याचं काही नातं नाही, आणि आमच्या रावयाशी तर नाहीच नाही. मुलींच्या शाळेत जन्मभर अरबी व्याकरण शिकवून ती निवृत्त झाली, तरी सवय गेली नव्हती. गच्चीतून दोरीने टोपली खाली सोडायची आणि भाजीवाल्याचं क्रियापद चुकलं की वरूनच दुरुस्त करायची. तो बिचारा म्हणायचा, "अब्ला, टोमॅटो आज घ्या, व्याकरण उद्या."

अशी ही बाई चोरून कादंबऱ्या लिहायची हे फार थोड्यांना माहीत होतं. चोरून म्हणजे नाव न घालता. एखादा सिनेमा चालला की त्याच्यावर खिशात मावेल एवढी कादंबरी काढायची, हा प्रकाशक वगीहसाहेबांचा धंदा. मुखपृष्ठावर नटाचं तोंड, आत रावयाचे कष्ट. मी एकदा विचारलं, "नाव असावं असं वाटत नाही का गं?" ती म्हणाली, "भाकरीवर भट्टीवाल्याचं नाव असतं का?" पण म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. वाटत होतं तिला.

मग 'खारट अंधार' आला. म्हणजे सिनेमा येऊन वर्षं झाली होती, थिएटरात तर तो आठवडाभरही टिकला नव्हता, पण कॅसेटवर त्याला असे काही भक्त मिळाले की विचारू नका. तांबड्या समुद्राच्या तळाशी एक प्रयोगशाळा. आत शास्त्रज्ञ अडकलेले, एकेक जण मरतोय, आणि त्यांची राखण करणारा एक पहारेकरी, पायापासून डोक्यापर्यंत पाणबुड्याच्या पोशाखात. चेहरा दिसत नाही, तोंडातून शब्द नाही, बोलायचं तर लोखंडी भिंतीवर टकटक. शेवटी तो बाहेरून दार लावून घेतो, उरलेले वाचतात, आणि पोशाखात कोण होतं ते कळतच नाही. सिनेमा संपतो.

त्या 'कोण होतं'वर पोरं भांडायची. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर तरुणांच्या क्लबात जमून तीच कॅसेट पुन्हा लावायची. एक गट म्हणे, बुडून मेलेला कप्तान. दुसरा म्हणे, खुनी स्वतःच. तिसरा म्हणे, आत माणूसच नाही, यंत्र आहे. यांचा पुढारी डॉक्टर हातिम, दातांचा डॉक्टर. त्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या रोग्यालाही तो विचारायचा, "तुम्ही कप्तानवाले का यंत्रवाले?"

सिनेमावरच्या कादंबऱ्यांचा या मंडळींना भारी राग. एका पुस्तकात लेखकाने नायकाला पदरचं बालपण दिलं, तर यांनी पुस्तकं दुकानदाराला परत नेऊन दिली. दुसऱ्यात जसंच्या तसं उतरवलं, तर म्हणाले, हे आम्ही बघितलंय, वाचायचं कशाला? रावया म्हणायची, "यांना नवरी जुनीच हवी, वरात मात्र नवी."

'खारट अंधार'वर कादंबरी निघणार हे कळल्यावर हातिमच वगीहसाहेबांकडे गेला होता. "या वेळी लेखकाचं नाव छापा. कुणाच्या नावाने शंख करायचा ते तरी कळू दे." अशा रीतीने, शंख करायला का होईना, रावयाचं नाव पहिल्यांदा मुखपृष्ठावर आलं. पुस्तक हातात आलं तेव्हा तिने नावावरून बोट फिरवलं, आणि मग कुणी बघेल म्हणून ते पालथं घातलं. मी देवापुढे साखर ठेवली.

पुस्तक ग्रंथजत्रेत खपलं. पोरं चक्क खूश होती. म्हणत होती, बाईने काही घुसडलं नाही, काही गाळलं नाही. आणि एका दुपारी हातिम जिना चढून वर आला. हातात पुस्तक, पानात बोट घातलेलं. चेहरा असा, की मला वाटलं घरात कुणी गेलं याच्या. मी रावयाकडे मुलुखियाची, म्हणजे इथल्या पालेभाजीची, पानं निवडायला बसले होते.

"अब्ला, हे वाचा."

रावयाने चष्मा लावला आणि शाळेत वाचायची तशी मोठ्याने वाचू लागली. "सगळ्यांची जेवणं झाली. पहारेकरी दाराजवळ थांबला. आत एकदा नजर टाकून तो वळला, मग पातेलं घेऊन उंबऱ्याशी खाली..."

ती थांबली.

"पुढे वाचा की."

"खाली बसला."

"बसला नाही, अब्ला. बसली."

आपल्याकडे 'ला'ची 'ली' होते, तसा अरबीत क्रियापदाच्या शेवटी एक 'त' येतो. एवढं एक अक्षर. सगळ्या पुस्तकात पहारेकरी आला, गेला, उठला, पळाला, आणि त्या एका ओळीत बसली. रावयाने चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला, परत लावला.

"चष्मा पुसून तो 'त' जायचा नाही," हातिम म्हणाला. "आमच्यात काय चाललंय कल्पना आहे? एकजण म्हणतो बाईंना दिग्दर्शकाने गुपित सांगितलंय. एकजण रडला. यंत्रवाले माझ्याशी बोलत नाहीत. पोशाखात बाई कुठून आली?"

आतून रावयाचे यजमान बहगत यांनी हाक मारली, "रावया, पाहुणे आलेत तर चहा टाक. माझाही."

ती उठली नाही. एवढ्या वर्षांत चहाची हाक आली आणि रावया बसून राहिली, असं मी पहिल्यांदा बघितलं. ज्या बाईने भाजीवाल्याचा 'त' सोडला नाही, तिच्या नावाच्या पहिल्या पुस्तकात हे व्हावं? तिचे ओठ पांढरे पडले होते.

संध्याकाळ व्हायच्या आत वगीहसाहेबांचा फोन. फोन जिन्यात माझ्याकडेच, त्यामुळे बोलणं ऐकू येत होतं. "घाबरू नका. छापखान्याची चूक म्हणून सांगू. सुब्हीकाकांचं बोट घसरलं. नाहीतरी त्यांना हल्ली दिसत नाही, घरी पाठवायचंच होतं. दुरुस्तीची चिठ्ठी डकवू. शुक्रवारी क्लबात माझ्या शेजारी बसा आणि मान हलवा."

"आणि माझीच चूक असेल तर?"

"तर पुढच्या आवृत्तीवर तुमचं नाव राहणार नाही. ही पोरं तुमच्या नावाला हात लावतील का आता? जरा विचार करा."

सुब्हीकाका म्हणजे अक्षरं जुळवणारा म्हातारा. रावयाच्या सगळ्या कादंबऱ्या त्याच्याच हातून गेलेल्या. रावयाने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "मान तर हलवायची आहे. जिभेने खोटं बोलायचं नाहीये."

मी म्हटलं, "देवाला मान दिसत नाही असं थोडंच आहे?" म्हटलं आणि वाईट वाटलं. आधीच बिचारी अर्धी झाली होती.

शुक्रवारी तिला क्लबात न्यायला गेले तर दार उघडंच. बहगत आणि मुलगे जेवून बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत होते. रावया स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खाली बसली होती, मांडीवर भेंडीच्या रश्श्याचं पातेलं, भाकरीच्या तुकड्याने बूड पुसत. मला बघून तिचा हात थांबला. मग तिने पातेल्याकडे बघितलं, स्वतःच्या पसरलेल्या पायांकडे बघितलं, आणि तुकडा तसाच हातात धरून राहिली.

"काय गं?"

"अगं, अशीच बसले होते," ती इतक्या हळू म्हणाली की मला वाकावं लागलं. "ते पान लिहिलं तेव्हा. यांचं सगळ्यांचं झालं होतं, पातेलं शेजारी होतं. चूक सुब्हीची नाही."

क्लबात उभं राहायला जागा नव्हती. पुढे टीव्ही, शेजारी टेबल, वगीहसाहेब नवा कोट घालून. सुब्हीकाका शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसले होते. त्यांना आधीच सांगून ठेवलं असावं. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

वगीहसाहेबांनी सुरुवात केली. "मित्रहो, छापखान्यात अशी चूक होते. वय झालेला माणूस..."

"सुब्हीचं वय झालंय," रावया उभी राहून म्हणाली. "पण त्याने मी दिलं तेच लावलं. 'त' माझा आहे."

वगीहसाहेब तिची बाही ओढावी तसे हात करून खाली बसवायला बघत होते.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" हातिमने विचारलं.

"मला काही ठाऊक नाही, बाळा. सिनेमा मीही तुझ्याएवढाच बघितलाय. कमीच. पण तो प्रसंग लिहिताना माझ्या हाताने बसली लिहिलं. सगळ्यांचं झाल्यावर, पातेलं घेऊन, उंबऱ्याशी खाली बसून जेवणारा पुरुष मी जन्मात बघितला नाही. माझ्या हातानेही बघितला नसावा."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. एक यंत्रवाला उठून म्हणाला, "ही काय गोष्ट झाली? हा समुद्राखालचा सिनेमा आहे, तुमच्या घरचं स्वयंपाकघर नाही."

"मग यंत्र तरी कशाला जेवतं?" रावया म्हणाली. "इतकी वर्षं तुम्हाला यंत्र चाललं रे. आत बाई असेल हे एकालाही सुचलं नाही?"

हातिमने कॅसेट लावली, पुढे पळवली आणि जेवणाच्या प्रसंगावर थांबवली. दिवे कुणी घालवले नाहीत. पडद्यावर शास्त्रज्ञ भांडत भांडत जेवत होते. पोशाखातला तो अवजड आकार एकेकाच्या पुढे ताटली ठेवत होता, रिकामी उचलत होता. संवाद सगळ्या पोरांना पाठ, पण आज कुणाचे ओठ हलत नव्हते. शास्त्रज्ञ उठून गेले. पहारेकरी एकटा राहिला. त्याने आत नजर टाकली, पातेलं उचललं, दाराशी गेला, आपल्याकडे पाठ केली. मुखवटा हनुवटीपाशी थोडा वर सरकला. एक गुडघा उभा, एक पाय पसरलेला. मग हात पातेल्याच्या बुडाला गेला आणि पुसून वर आला.

माझ्या शेजारी बसलेल्या पोराने दोन्ही हात तोंडावर ठेवले होते.

हातिम टीव्हीशी वाकून बघत होता. पाठमोराच, स्वतःशी बोलल्यासारखा तो म्हणाला, "आधी सगळ्यांना दिलं, आणि मग ही..."

मागे वळून त्याने आमच्याकडे बघितलं. आपण 'ही' म्हणालो ते त्यालाही आत्ताच ऐकू आलं होतं. त्या खोलीत प्रत्येकाला आलं होतं. कुणी हसलं नाही. यंत्रवाला उभा होता तो हळूच खाली बसला.

त्या दिवशी ठरलं काहीच नाही. निम्मी मंडळी अजून कप्तानवालीच आहेत. एकाने तर 'त' ब्लेडने खरवडून पुस्तक रावयाला टपालाने परत पाठवलं, पानाला भोक पडलं होतं. पण क्लबातून बाहेर पडताना एका पोराने दारात मला विचारलं, "मावशी, तुमच्या देशातही बायका शेवटीच बसतात?" मी म्हटलं, "घरी जाऊन आईला विचार, बाबा. मला कशाला विचारतोस?"

सुब्हीकाका नोकरीवर राहिले. वगीहसाहेबांना दुसरी आवृत्ती काढावी लागली, कारण ज्यांनी पुस्तक घेतलं नव्हतं त्यांना आता ती एक ओळ बघायची होती. नाव छापावं की नाही यावर ते बरेच दिवस कुरकुरले. शेवटी हातिमनेच त्यांना बजावलं, नाव नसेल तर आम्ही शंख कुणाच्या नावाने करणार?

पानं पुन्हा जुळवायला घेतली तेव्हा सुब्हीकाका स्वतः जिना चढून आले. धाप लागली होती. रावयाने त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "अब्ला, तो 'त' काढू का ठेवू? का पुस्तकभर घालू?"

आतून बहगत यांची चहाची हाक आली. रावयाने एकदा आत बघितलं.

"सगळीकडे नको, भांडतील," ती म्हणाली. "जिथे आहे तिथे राहू दे."

मग तिने खुर्ची ओढली, सुब्हीकाकांच्या समोर बसली, आणि आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "साखर वरच्या फळीवर आहे."