बंधाऱ्याचं शूटिंग

हे मी देवनागरीत लिहिते आहे, आणि त्याचा एक फायदा मला आधीच दिसतो. माझ्या भावाला मराठी समजते, बोलताही येते, पण वाचता येत नाही. तंजावरात आमच्यासारख्या बऱ्याच घरांत असंच आहे. तमिळ बाहेर, इंग्रजी ऑफिसात, मराठी जेवताना. मी शाळेत हिंदी शिकवते म्हणून मला लिपी आली. तेव्हा त्याच्याबद्दल वाटतं ते इथे मोकळेपणाने लिहायला हरकत नाही.

भाऊ माझ्याहून मोठा, चेन्नईत असतो. मी त्याला अण्णा म्हणते. दुसरं काही म्हणायची सवय नाही म्हणून. आई गेल्यावर, तेराव्याचे दिवस संपायच्या आतच, त्याने ठरवून टाकलं की अप्पांना कोइमतूरकडच्या एका वृद्धांच्या वसाहतीत ठेवायचं. अप्पा नाही म्हणाले, मीही नाही म्हणाले. मग त्याने सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं की घरावर डोळा ठेवून मी म्हाताऱ्याला धरून बसले आहे. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या दोन खोल्या आणि गळकी गच्ची. त्यावर कुणाचा डोळा असणार? तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं.

ते पुन्हा सुरू झालं अप्पांमुळे. अप्पा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. तरुणपणी त्यांची बदली नामक्कलजवळच्या कोल्लिमलै डोंगरावर झाली होती, आणि तिथे वरच्या एका ओढ्यावर त्यांनी छोटासा दगडी बंधारा बांधला होता. पुढे त्यांनी कावेरीच्या मोठमोठ्या कालव्यांवर कामं केली, पण घरात बोलायचे ते त्या बंधाऱ्याबद्दल. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांची धाव न्हाणीघरापर्यंत. गेल्या पोंगलला अण्णा आला होता तेव्हा त्यांनी आम्हाला दोघांना समोर बसवलं.

"तो बंधारा उभा आहे का बघून या. फोनात घेऊन या. दोघं जा."

"दोघं कशाला?" मी विचारलं.

"एक पडला तर दुसऱ्याने येऊन सांगायला."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

कोणतं सामान न्यायचं यावरून आमचं पहिलं भांडण झालं. अण्णाने मला गिंबलचे फोटो पाठवायला सुरुवात केली. गिंबल म्हणजे फोन धरायचा मोटरचा दांडा. हात हलला तरी चित्र हलत नाही. त्याशिवाय फोनच्या डोळ्यावर चिकटवायचं रुंद भिंग, कमरेएवढा उंच ट्रायपॉड, आणि हे सगळं ठेवायला पेटीसारखी बॅग.

"हे घेऊन चढणार कोण?" मी फोनवर विचारलं.

"मी. तू फक्त मागे ये."

"चढावर दोन्ही हात मोकळे लागतात. एका हातात दांडा असला तर धरणार कशाला? दातांनी?"

"तू शाळेच्या पोरांना टेकडी दाखवतेस म्हणून गिर्यारोहक झालीस का?"

मी दरवर्षी मुलांना घेऊन निसर्ग शिबिराला जाते. त्याला ते सहल वाटतं. तो स्वतः जिमच्या पट्ट्यावर चालतो, तेही एसीत. मी फोन ठेवून दिला आणि ठरवलं की माझं सामान मी घेईन.

जुन्या बस स्टँडजवळ मोबाईलच्या सामानाचं एक अरुंद दुकान आहे. मी माझी चढायची बॅग पाठीला लावूनच आत गेले. दुकानदाराने आधी गोल दिव्याची कडी काढली, मग सेल्फीची काठी. मी म्हटलं, मला डोंगरावर न्यायचं आहे, खिशात मावेल आणि वाऱ्यात टिकेल असं दाखवा. त्याने वाकणाऱ्या पायांचा वीतभर ट्रायपॉड काढला. त्याचे पाय मी त्याच्याच खुर्चीच्या दांडीला गुंडाळले, क्लॅम्पमध्ये माझा फोन अडकवला आणि खुर्ची हलवली. "अय्यो, अम्मा!" करत तो हात पुढे घेऊन उभा राहिला, पण फोन पडला नाही. दुसऱ्या एका क्लॅम्पमधून मात्र सटकला, माझ्या तळहातात. तो बाजूला ठेवला. फोनला गळ्यातली दोरी घेतली, बॅगेच्या पट्ट्याला लावायचा चिमटा घेतला, आणि कॉलरला लावायचा छोटा माईक, त्यावर वारा अडवणारी केसाळ टोपी. सगळं मिळून डब्यातल्या दोन इडल्यांएवढं वजन. घरी येऊन अप्पांना दाखवलं तर ते म्हणाले, "उंदराचं पिल्लू आणलंस काय?" ते त्या टोपीला.

अण्णा कार घेऊन आला. घाटातली सगळी वळणं मी खिडकीबाहेर बघत काढली. रस्ता संपला तिथून मिरीच्या वेली चढवलेल्या झाडांतून ओढ्याच्या कडेने वर जायचं होतं. त्याने बॅग उघडली, गिंबल जोडला, भिंग लावलं. भिंगाच्या वजनाने फोन पुढे झुकला आणि गिंबल टीं-टीं ओरडायला लागला. त्याने भिंग काढलं, ओरडणं थांबलं. पुन्हा लावलं, पुन्हा ओरडणं. मी झाडाला टेकून बघत होते. मला फार बरं वाटत होतं.

"काय बघतेस?"

"काही नाही. पक्षी ओरडतोय वाटलं."

शेवटी भिंग बॅगेत गेलं. पण त्याचं चालणं भयंकर होतं. नजर पडद्यावर, पाय कुठेही. उलटा चालून माझं शूटिंग करायला लागला तेव्हा मी तोंड फिरवलं.

"अप्पांना तुझा चेहरा दिसू दे."

"रोज दिसतो. मी त्यांच्याजवळ राहते."

हे त्याला लागलं. दांडा खाली करून तो म्हणाला, "राहतेस, कारण तुला दुसरीकडे जायला जागा नाही."

"आणि तू येत नाहीस, कारण तुला जागा खूप आहे."

मग बराच वेळ आम्ही अंतर ठेवून चढलो. माझा फोन बॅगेच्या पट्ट्यावर चालू होता आणि मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होते. वर पोचून पाहिलं तर चढावर मी वाकत असल्यामुळे सबंध वाटेत फक्त माझे बूट आले होते, आणि मधूनमधून वेणी. अण्णाने ते माझ्या खांद्यावरून पाहिलं. तो नुसता "सरि" म्हणाला, ठीक, आणि पुढे गेला. शिव्या दिल्या असत्या तर कमी राग आला असता.

बंधारा उभा होता. शेवाळलेला, माझ्या छातीएवढा, दोन खडकांच्या मध्ये नीट बसवलेला. मागे पाणी होतं, पण वीतभरच. बाकी सगळा गाळ, त्यावर गवत. भिंतीवरून पाण्याची पातळ चादर पडत होती. मी अण्णाकडे बघितलं नाही आणि त्यानेही माझ्याकडे बघितलं नाही.

त्याचा उंच ट्रायपॉड खडकांवर उभाच राहीना. एक पाय पाण्यात, दुसरा हवेत. मी माझा वीतभर ट्रायपॉड काठावरच्या मुळाला गुंडाळला आणि भिंत समोरून स्थिर घेतली. मग खालून, पायथ्यापासून घ्यायची होती. तिथे झाडीत अंधारलं होतं आणि माझ्या फोनला अंधारात काही दिसत नाही. त्याचा फोन चांगला होता.

"तुझा फोन दे, माझ्या ट्रायपॉडला लावते."

"त्या खेळण्याला? तू पाडशील."

"मग काय करणार?"

"मीच उतरतो."

"खाली ओलं आहे, अण्णा. दोन्ही हातांनी उतर."

तो एका हातात गिंबल धरून उतरला. दुसऱ्या पावलाला घसरला आणि बसल्या बसल्या भिंतीच्या पायथ्याच्या डबक्यात गेला, कमरेपर्यंत. दांडा दगडावर आपटून मोडला. फोनचं टोक त्याने वर धरलं होतं म्हणून फोन वाचला.

मी हसले. तोंड दाबलंही नाही.

"हसतेस? पाय मोडला असता तर?"

"तर मी जाऊन सांगितलं असतं. त्यासाठीच आले आहे."

पाय मोडला नव्हता, मुरगळला होता. पाय सुजत होता, म्हणून आम्ही तिथून तसेच निघालो. उतरताना त्याला माझ्या खांद्यावर हात टाकावा लागला. तो एखाद्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर टाकावा तसा टाकत होता, बोटं न टेकवता. गाडी मी चालवली.

घरी मी सगळं टीव्हीवर लावलं. झाडं, धुकं, अण्णाची सुरेख संथ दृश्यं अप्पा कंटाळून बघत होते. "पुढे कर, पुढे कर." बंधारा आला तेव्हा ते पुढे सरकले. माझ्या फोनमधली ती स्थिर चौकट त्यांनी बराच वेळ बघितली.

"गाळ काढत नाहीत," ते म्हणाले. मग, "डावं टोक दाखवा."

मी चित्रं मागेपुढे करून पाहिली. डावं टोक कशातच नव्हतं.

"डाव्या टोकाला खडक ठिसूळ होता. मी तिथे पुन्हा खणून पाया घातला होता. तो धरलाय का, एवढंच मला बघायचं होतं. कोणी गेलं नाही तिकडे?"

"तुम्ही सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.

"हिने मला पाडलं," अण्णा म्हणाला. खरंच असं म्हणाला.

"मी? मी वर होते!"

"तू बडबडत होतीस म्हणून माझं लक्ष गेलं."

अप्पांनी टीव्ही बंद करायला सांगितलं. "पोदुम," ते म्हणाले, पुरे. दुसऱ्या दिवशी अण्णा लंगडत गाडीत बसला आणि गेला. काही दिवसांनी अप्पांनी मला एकटीला पुन्हा जायला सांगितलं. मी नाही म्हणाले. मला त्या डोंगराचा आणि घरातल्या दोन्ही पुरुषांचा वीट आला होता. अप्पांनी त्यावर माझ्याशी बोलणंच कमी केलं.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या सुमारास एका सकाळी मी भाजी घेऊन आले तर अप्पा फोन डोळ्यांजवळ धरून बसले होते. अण्णाने व्हिडिओ पाठवला होता. मला न कळवता तो एकटाच कोल्लिमलैला गेला होता. ना गिंबल, ना भिंग. फोन जमिनीलगत कुठेतरी घट्ट लावलेला, चित्र अजिबात हलत नव्हतं, आणि त्यात डावं टोक. त्याने शेवाळं हाताने खरवडून काढलं होतं. दगड दगडाला धरून होता. मागून त्याचा धापा टाकणारा आवाज आला, मराठीत: "बघा अप्पा, इथे फट नाही. बोटसुद्धा जात नाही."

अप्पांनी ते पुन्हा लावलं. मग पुन्हा.

"धरलाय," ते मला म्हणाले. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. "त्याला फोन लाव. बरं केलंस म्हणून सांग."

"तुम्हीच सांगा."

"तू सांग. तो तुझ्याकडून ऐकू दे."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल कुठेतरी. पण भाजीची पिशवी हातात धरून मी उभी होते आणि मला एवढंच दिसत होतं की रोज अंघोळीचं पाणी मी काढते, औषधं मी देते, आणि या माणसाने एका सकाळी एक दगड खरवडून सगळं जिंकून नेलं. मी नंबर लावला. रिंग वाजायला लागली तसा फोन अप्पांच्या हातात दिला, स्वयंपाकघरात गेले, चटणीचं खोबरं मिक्सरमध्ये टाकलं आणि ते दोघं बोलत होते तोवर बटण सोडलं नाही.