आल्बिनाची पेतोला

आमच्या समुद्रकाठच्या पिरान गावच्या मिठागरात आल्बिनाइतकी संशयी बाई दुसरी नाही. माझा वाफा तिच्या बांधाला लागून, म्हणून पहिला संशय माझ्यावर. रोज सकाळी माझ्या पायांकडे बघायची, बूट घालून तर हिंडत नाही ना म्हणून.

तसं तिचंही बरोबर. वाफ्याच्या तळाला चिखलावर पेतोला असते, एक जिवंत साय. डोळ्यांना न दिसणारे नाना जातींचे जंतू वर्षानुवर्षं एकमेकांत गुंतून ती विणतात. ती अखंड तोवर मीठ पांढरं. बुटानं फाटली की खालचा चिखल मिठात. आल्बिनाची पेतोला तिच्या सासूनं धरलेली, आणि बाईचा सगळा तोरा तिच्यावर.

उन्हाळ्याच्या तोंडाला विद्यापीठातली, या जंतूंचा अभ्यास करणारी ताइदा आली. आल्बिनाला विचारून नखाएवढा तुकडा घेतला. वर हिरवा थर, मध्ये जांभळा, खाली काळा, प्रत्येकात वेगळी वस्ती आणि एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण, असं कौतुकानं सांगत होती. ती गेल्यावर आल्बिना मला म्हणाली, "दाखवला नखाएवढा. नेला किती, कोण जाणे."

पुढं तिचं मीठ करडं आलं आणि झालं! आधी ताइदा चोर, मग मी. मी म्हणे जळून तिच्या वाफ्यात बुटांनी फिरले. गावभर सांगितलं तिनं. माझं डोकंच फिरलं, मी बोलणं टाकलं.

शेवटी तिनं जाब विचारायला ताइदाला बोलावलं, मलाही उभं केलं. पोरगी अनवाणी वाफ्यात उतरली, वाकून काठ चाचपत गेली. साय सगळ्या काठानं सुटली होती.

"आजी, हे कोण उचलतं?"

"मीच. रोज. खालून कुणी कापून नेलीय का, बघायला नको?"

ताइदा हळूच म्हणाली की खालच्या काळ्या जंतूंना हवा सोसत नाही. रोज उचललं की ते मरतात, मग साय सांधत नाही.

आल्बिना बांधावर बसली. "परत धरेपर्यंत मी असेन का गं?"

भांडायला आले होते, पण तिच्या शेजारी बसले. म्हटलं, माझ्या काठची थोडी ने, लाव.

"नको. उद्या तुझं मीठ करडं आलं, तर तुला वाटेल, मीच केलं."

नाही गं, असं म्हणायचं होतं मला. ती उठली, उघाडीची, बांधातल्या पाण्याच्या वाटेची, फळी वर केली आणि नवी साय धरायला वाफ्यात समुद्राचं पाणी घेतलं.