परत मागितलेलं कुलूप

आमच्या प्रार्थना मंडळात माझ्या मेहुण्यांची एक गोष्ट सांगतात. आपल्याच पंथाच्या लोकांना भेटायला आम्ही सगळे परदेशी गेलो होतो, तिथे मेहुण्यांनी एक वस्तू भेट दिली आणि निघताना सगळ्यांसमोर ती परत मागून घेतली. गोष्ट संपली की लोक हसतात. मेहुणे तिथे असले तर मान खाली घालून तेही हसतात. गोष्ट खोटी नाही, पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी मला ठाऊक आहे. मला लिहायची सवय नाही, अर्ज-विनंत्या सोडून आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही. लिहू का म्हणून मेहुण्यांना विचारलं, तर म्हणाले, "लिहा दादा. फक्त मला वाचून दाखवू नका."

मेहुणे म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन इमारतींमधली फट. आत शिरायचं तर अंग आडवं करावं लागे. भिंतभर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या आणि खाली कानशीचा कीस. तो कीस अंगावर घेऊनच ते घरी येत, आणि बहीण त्यांना दारातच गोधडीसारखं झटकून आत घेई. अडलेलं कुलूप आलं की त्याला कान लावायचा, तार आत सरकवायची, डोळे मिटायचे. मग एकदम तोंडभर हसून म्हणायचं, "आला खटका!" त्यावरून पोरांनी त्यांचं नावच खटका ठेवलं. पुढे मोठी माणसंही तेच म्हणू लागली.

नीट न लागणारं दार दिसलं की त्यांना घास गोड लागत नसे. माझ्या मुलीसाठी एक स्थळ बघायला गेलो होतो. आम्ही सगळे मुलाला शिक्षण, नोकरी विचारतोय आणि हे आतल्या खोलीत मागच्या दाराचा बोल्ट ओढून बघतायत. बाहेर पडल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, मुलगा बरा आहे. पण घर मागून सताड उघडं आहे."

प्रार्थनेला ते बहिणीमुळे येत. ती गाण्याच्या गटात पुढे उभी राही, हे शेवटच्या रांगेत दाराशी बसत. गळा अजिबात नाही. सगळ्यांबरोबर ओठ हलवत, पण आवाज काढत नसत.

परदेशी बहीणच जाणार होती. तिकडच्या लोकांसाठी तिने दोन गाणी बसवली होती. जायला अवकाश होता तेवढ्यात ती न्हाणीघरात घसरली आणि पाय मोडला. पाय प्लास्टरमध्ये, बाई खुर्चीत. मंडळाचे प्रमुख भेटायला आले. ते निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सर म्हणतात. बहीण त्यांना म्हणाली, "सर, माझ्या जागी यांना न्या."

"यांना?" सरांनी मेहुण्यांकडे बघितलं. "तिथे हे काय करणार?"

"दार धरून बसेन," मेहुणे म्हणाले. सगळे हसले आणि ठरून गेलं.

सर गेल्यावर बहीण यजमानांना म्हणाली, "अहो, हसण्यावारी नेऊ नका. मी तिथे गाणार होते. तुम्ही माझ्या नावाने त्यांना काहीतरी देऊन या. रिकाम्या हाताने गेलात तर मला चालायचं नाही."

हे त्यांच्या मनात फार खोल गेलं. दुकानातलं सगळ्यात भारी पितळी लॅच त्यांनी काढलं, दार ओढलं की आपोआप लागतं आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही त्यातलं. सगळे भाग सुटे करून एकेक कानसला, तेल दिलं, वरून असं घासलं की त्यात तोंड दिसावं. सामानात कपडे थोडे आणि हत्यारं जास्त. विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा गाण्याच्या गटातल्या बायका म्हणाल्या, "खटकाभाऊ, घरफोडीला निघालात का?"

तिकडचं गाव डोंगराच्या उतारावर होतं. माणसं थोडी, घरं दगडी, बोलणं हळू. त्यांच्यातली एक तरुण शिक्षिका आपल्याकडे काही वर्षं राहून गेलेली, तीच आमची दुभाषी. पंथाचे वडीलधारे म्हणजे एक वाळके, उंच आजोबा. पहिल्या संध्याकाळी प्रार्थना चालू असताना वाऱ्याने दार उघडलं. कागद उडाले, मेणबत्ती विझली, पण उठलं कुणीच नाही. मेहुण्यांनी मला कोपराने ढोसलं.

"दादा, दाराला काही नाहीये. कडी नाही, खिट्टी नाही, भोकसुद्धा नाही. गरीब आहेत हो बिचारे."

मलाही तसंच वाटलं. दुसरं काय वाटणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना फळबागा दाखवायला नेलं. मेहुणे गुडघा दुखतो म्हणून मागे राहिले. आम्ही परत आलो तर हे प्रार्थनागृहाच्या पायरीवर उभे, केसांत लाकडाचा भुसा आणि चेहरा नवरदेवासारखा.

"दादा, ओढा. ओढा हो दार!"

मी ओढलं. खट् करून लागलं. असा स्वच्छ आवाज की मलाही अभिमान वाटला. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी तर चार वाक्यांचं भाषण केलं, की या बंधूंनी आपली कला अर्पण केली वगैरे. मेहुणे म्हणाले, "माझ्या बायकोच्या नावाने आहे, तेवढं सांगा." दुभाषीने ते सांगितलं, पण सांगताना ती दाराकडे बघत नव्हती. आजोबा पुढे आले, लॅचवरून बोट फिरवलं, वाकून आभार मानले. किल्ली हातात घेऊन ते बराच वेळ नुसतेच उभे राहिले. किल्ली ठेवायची कुठे हे न कळणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मेहुण्यांनी मला हलवून उठवलं आणि खिडकीशी नेलं. बाहेर भुरभुर पाऊस होता. प्रार्थनागृहाच्या पायऱ्यांवर दहाबारा माणसं दाराकडे तोंड करून उभी होती. सगळ्यांत पुढे डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी.

"बघा दादा, पहाटेची प्रार्थना हे बाहेर उभं राहून करतात. काय श्रद्धा आहे!" आणि आम्ही दोघांनी खिडकीतून हात जोडले.

हे आठवलं की अजूनही माझे कान गरम होतात.

नाश्त्यानंतर दुभाषी आली. किल्ली कशी फिरवायची ते आमच्या लोकांना शिकवाल का, असं तिने फार अदबीने विचारलं. मेहुण्यांना केवढा आनंद! आयुष्यात त्यांना कुणी शिकवायला बोलावलं नव्हतं. दारासमोर गावाची रांग लागली. एकेकाचा हात धरून ते दाखवत होते, "आत सरकवा, आता उजवीकडे, हां, आला खटका!" माणसं किल्ली फिरवत, वाकून आभार मानत, पुढे जात. शेवटी ती रुमालवाली म्हातारी आली. तिचे हात इतके कापत होते की किल्ली भोकात जाईना. तिसऱ्यांदा ती खाली पडली तेव्हा तिने दोन्ही हात जोडले आणि काहीतरी बोलली.

"काय म्हणतात आजी?" मेहुण्यांनी विचारलं.

दुभाषीने वाकून किल्ली उचलली.

"सांगा ना."

"ती माफी मागतेय. म्हणतेय, सकाळी मला उघडता आलं नाही, चूक माझी आहे. मी शिकेन."

मेहुण्यांचा हात तसाच राहिला. "सकाळी? म्हणजे ते सगळे बाहेर..."

मग दुभाषीने सांगितलं. तिला सांगायचं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. यांचे पूर्वज दुसरीकडून पळून आले होते. डोंगरापलीकडच्या गावात पोचले तर तिथलं प्रार्थनागृह आतून बंद. आत माणसं होती, कुणी उघडलं नाही. ते बर्फात दाराशी बसून राहिले, आणि त्यात लहान मुलं गेली. पुढे इथे स्वतःचं बांधलं तेव्हा ठरवलं, या दाराला काही लावायचं नाही. ते नुसतं लोटलेलं असे, आजवर कुणालाही उघडता आलं नाही असं कधी झालं नव्हतं. काल रात्री वाऱ्याने लोटलं आणि लागलं. म्हातारी गोठ्यावर कामाला जायच्या आधी रोज पहाटे येते. ती पहिली आली. किल्ली आजोबांकडे, आणि ते लांब राहतात. त्यांना झोपेतून उठवायचा बाकीच्यांना संकोच वाटला.

"मग कालच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"पाहुण्याने दिलेली वस्तू आम्ही काढत नाही."

मेहुणे तडक आजोबांकडे गेले. मी आणि दुभाषी बरोबर होतो. काढून टाकतो म्हणाले, हात जोडले, मला ठाऊक नव्हतं म्हणाले. आजोबांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. तुम्ही आमच्यासाठी एवढे कष्ट घेतलेत, आता ते आमच्याकडेच राहू द्या, म्हणाले. आणि सदऱ्याची गुंडी सोडून दाखवली. किल्ली दोऱ्यात ओवून त्यांनी गळ्यात घातली होती.

सरांना विचारलं तर ते वैतागले. "आता काढायला गेलात तर दुसऱ्यांदा अपमान कराल. गप्प राहा. आपण गेल्यावर त्यांचं ते बघतील."

"नाही काढणार हो ते," मेहुणे म्हणाले. "ती म्हातारी मरेपर्यंत किल्लीशी झटत बसेल."

त्यांनी पुन्हा दुभाषीला गाठलं. "देणाऱ्याने स्वतःच परत मागितली तर?"

ती गोंधळली. "तर द्यावीच लागेल. पण असं कुणी मागत नाही. कोण मागेल?"

मी म्हटलं, "अहो, असलं काही करू नका. आपल्या लोकांना काय वाटेल? बहिणीच्या नावाने दिलंय तुम्ही ते."

"म्हणून तर," ते म्हणाले. "मला दुसरं काही सुचत नाही, दादा. आणि तुम्ही कुणाला बोलू नका. यांच्या कानावर गेलं तर आपल्यापायी पाहुण्याने स्वतःची शोभा करून घेतली, असं वाटून हे आणखी कानकोंडे होतील."

निघायच्या दिवशी निरोपाला सगळं गाव जमलं होतं. बस उभी होती. आमच्या बायकांनी बहिणीने बसवलेली गाणी म्हटली, सरांचं भाषण झालं. आणि मग चार माणसांत कधी तोंड न उघडणारे माझे मेहुणे उठून उभे राहिले.

"मला माझं कुलूप परत पाहिजे."

सर हळूच म्हणाले, "बसा खाली."

"भारी आहे ते. पितळी आहे. इथे कशाला ठेवू? घरी बायको रागावेल." आवाज फाटला होता, पण थांबले नाहीत. "सांगा त्यांना."

दुभाषी अडखळत सांगत गेली. तिकडची काही तरुण मुलं हसली. आमच्या बायकांनी पदर तोंडावर घेतले. सर बसकडे तोंड करून उभे राहिले. आजोबांनी मेहुण्यांकडे खूप वेळ पाहिलं. त्यांना काय कळलं, काय नाही, मी सांगू शकत नाही. मग त्यांनी डोक्यावरून दोरा काढला.

सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन मेहुणे स्क्रू काढत होते. ज्यांचा हात कधी घसरलेला मी पाहिला नव्हता, त्यांचा पेचकस सारखा घसरत होता. लॅच निघालं, पण दारात भोकं राहिली. मोठं भोक तर आरपार. त्यांनी लाकडाची ढलपी ठोकून बुजवायचा प्रयत्न केला, ती बसेना. बसवाल्याने हॉर्न दिला. तेवढ्यात ती रुमालवाली म्हातारी घरातून एक धुतलेलं फडकं घेऊन आली. लॅचला ओरखडे पडू नयेत म्हणून तिने ते स्वतःच्या हाताने गुंडाळून त्यांना दिलं. ते घेताना मेहुण्यांनी वर बघितलं नाही.

बसमध्ये कुणी त्यांच्याशेजारी बसेना, म्हणून मी बसलो. मागून कुणीतरी म्हणालं, "खटकाभाऊ, विमानातली खुर्ची तिथेच ठेवाल ना, की तीही उचलून आणाल?" बस हसली. मेहुणेही हसले.

आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. गाण्याच्या गटातली एक बाई वाटेत उतरून बहिणीला भेटून गेली होती. बहीण खुर्चीत पाय स्टुलावर टाकून बसलेली, तोंड उतरलेलं. मेहुण्यांनी फडक्यातलं बोचकं टेबलावर ठेवलं आणि उभे राहिले. तिने हात लांब करून त्यांना झटकलंसुद्धा नाही.

"मागून आणलंत?"

"हो."

"माझ्या नावाने दिलेलं?"

"हो."

मला राहवलं नाही. कुणाला बोलणार नाही असं म्हटलं होतं, पण बहिणीला सगळं सांगितलं. दार, बर्फ, गळ्यातली किल्ली, त्यांनी का मागितलं, सगळं. मला वाटलं, आता तिचा चेहरा उजळेल, निदान ती रडेल आणि त्यांचा हात धरेल. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता यजमानांना विचारलं,

"लोक हसले ते हसू देत. ती म्हातारी पावसात किती वेळ उभी होती?"

मेहुण्यांनी टेबलावरच्या बोचक्याकडे बघितलं.

"नाही विचारलं," ते म्हणाले. "धीर झाला नाही."

"दादा, तुला माहीत आहे?"

मला तरी कुठे माहीत होतं? आम्ही दोघं खिडकीत हात जोडून उभे होतो.