दोघींचा बुधवार

"थांब रं, आलो मी माघारी," असं म्हणत ती टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरायची. मग हळूच विचारायची, "काय बोललो मी?"

निपाणीच्या स्टँडामागं टायपिंगचं दुकान आहे. तिथं ती मराठी आणि कन्नड लग्नपत्रिका जुळवायची. मी सीमाप्रश्नाची पत्रकं घेऊन जायचो. सगळे तिला आक्का म्हणत.

टाइप करता करता तिचे हात थांबत. डोळे उघडे असत, पण आक्का तिथं नसे. मग ती लहान पोरीच्या आवाजात कन्नड बोले. त्या पोरीला मराठीचा एक शब्द कळत नसे.

दुकानमालक म्हणायचा, "आक्का, सीमावाद तुझ्या डोक्यातच चाललाय बघ!" तीही हसायची. गल्लीत मात्र कुजबुज होती : कानडी भूत धरलंय. हे असलं बोलणारे मोर्चात माझ्याच शेजारी चालायचे.

लहानपणी ती घटप्रभेकडं, कानडी मुलखात, मामाच्या घरी राहिली होती. तिथं मामानं काय केलं, ते तिनं मला एका वाक्यात सांगितलं. ते मी लिहिणार नाही.

बेळगावच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि दर आठवड्याला बोलायला या म्हणाले. तिथल्या समुपदेशक बाईंना मराठी येत नव्हतं. कोल्हापूरच्या बाईंना कन्नड येत नव्हतं. आक्का म्हणाली, "एकीला जेवण, दुसरी उपाशी. हितंच कोणतरी बघाय पायजे."

तिनं दोन्ही लिप्यांत चिठ्ठी छापली : ज्यांचा मधला वेळ हरवतो त्यांनी बुधवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत यावं. मी वर 'समाजा, जागा हो!' घालायला सांगितलं. तिनं ते खोडलं. "अरं, जागी माणसं न्हाय येणार. दमल्याली येणारेत."

आली दोघं. एक विडीकामगार मावशी, एक हिंडलग्याचा शिक्षक. एखाद्याचं भान सुटलं की बाकीच्यांनी गावाचं आणि वाराचं नाव सांगायचं, एवढंच ठरलं होतं. आक्कातली ती पोरगी आली तेव्हा मावशी कन्नडात तिला म्हणाली, "बस बाळ, कुणी मारत न्हाय." पोरगी बसली. पुढं दर बुधवारी बसू लागली.

चिठ्ठी आक्काच्या भावाच्या हाती पडली. एका बुधवारी तो जीप घेऊन आला.

"घराण्याची लाज चव्हाट्यावर मांडलीया हिनं. मामाकडं ठेवतो आता."

"मामाकडं नको," मी म्हणालो. "तिला विचारा तरी."

"तिथं समदे कानडीच बोलत्यात. बडबडू दे तिथं."

मावशी दारात आडवी उभी राहिली. त्यानं तिला बाजूला केलं. आक्का पिशवी घेऊन निघाली.

जीपमध्ये तिनं लहान पोरीसारखे पाय वर घेतले, गुडघे छातीशी धरले आणि अनोळखी माणसांकडं बघावं तसं आमच्याकडं बघितलं. जीप हायवेकडं वळली.