सासूबाईंचा भात

सासूबाईंचा भात मी बंद केला, असं त्या शेजारीपाजारी सांगायच्या. बंद केला होता डॉक्टरांनी. पण डॉक्टर ठाण्याला, आणि रोज ताट वाढणारी मी. त्यामुळे वैर माझ्याशी झालं.

आम्ही डोंबिवलीला दोन खोल्यांत राहत होतो. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. हे ठाण्याला कचेरीत होते. सासूबाईंना उंबऱ्याची ठेच लागली आणि अंगठ्याची जखम दोन महिने झाले तरी भरेना, म्हणून ह्यांनी त्यांना ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं. मीही बरोबर होते.

"मधुमेह आहे," डॉक्टर म्हणाले. "भात आणि साखर आजपासून बंद. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक. नाही ऐकलंत तर अंगठा कापावा लागेल."

सासूबाई कोकणातल्या. सकाळी मऊ भात, दुपारी आमटीभात, संध्याकाळी ताकभात. ज्वारी त्यांनी जन्मात तोंडात घातली नव्हती. ह्यांनी घरी आल्यावर चपला काढता काढता मला सांगितलं, "आईचं खाणं तू बघ." एवढं बोलून ते मोकळे झाले.

डॉक्टरांनी मला लघवी तपासायला शिकवलं होतं. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. विटकरी झालं तर खूप. दर सोमवारी मी ते मोरीत बसून करायची आणि सासूबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, "ह्याच्यासाठीच केली हो मी सून."

पहिल्या दिवशी त्यांनी भाकरी ताटाबाहेर ठेवली. दुसऱ्या दिवशी शेजारणीला हाक मारून, मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "स्वतः ढीगभर भात जेवते आणि मला हे ढेकूळ." मी तांदळाच्या डब्याला कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली. मला दया येत नव्हती, हे खरंच सांगते. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्या माहेरावरून जे जे ऐकवलं होतं, ते सगळं त्या कुलपात होतं.

महिनाभर भाकरी खाऊनही नळीतला रंग विटकरीच येत राहिला. डॉक्टर माझ्याकडे संशयाने पाहू लागले. "घरात भात मिळतोय त्यांना," ते ह्यांना म्हणाले. हे घरी येऊन माझ्यावर ओरडले.

मग मी पाळत ठेवली. सासूबाई रोज दुपारी लंगडत देवळात जायच्या. एक दिवस मी मागोमाग निघाले. त्या देवळाकडे वळल्याच नाहीत. शेतांच्या बाजूला, आम्हाला भाजी घालणाऱ्या आगरी बाईचं घर होतं, तिथे गेल्या. मी पोचले तेव्हा ओटीवर बसून त्या भात खात होत्या. लाल, जाड तांदळाचा भात आणि वालाचं कालवण. अंघोळीआधी भरलेलं माझ्या हातचं पाणीसुद्धा ओवळं म्हणून ओतून देणाऱ्या सासूबाई! बोटं चाटत होत्या.

मला पाहून त्यांचा हात थांबला.

"उठा," मी म्हणाले.

ती भाजीवाली बाई मध्ये आली. "माजे दारान म्हातारी भुकी आयली, तिला नाय कशी म्हनू? तू सून हायस का पोलीस?"

मी सासूबाईंचा दंड धरून त्यांना उठवलं. रस्त्यात सासूबाईंना म्हणाले, "तिच्या घरी जेवलात, हे ह्यांना सांगू? देवाला शिवू देतील तुम्हाला?"

त्या थांबल्या. घामाने डबडबल्या होत्या, पायाचं फडकं ओलं झालं होतं. "सांग," त्या म्हणाल्या. "सांग जा. पण आधी तू सोडून दाखव भात. तूही भातावरच वाढलेली. एक महिना सोडून दाखव, मग मला शिकव."

"सोडला," मी म्हणाले. "आजपासून."

मला वाटलं होतं, सोपं जाईल. चौथ्या दिवशी ह्यांचं ताट वाढताना भाताच्या वाफेनं माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि राग आला, सासूबाईंचा, डॉक्टरांचा, समोर बसून मुकाट्याने जेवणाऱ्या ह्यांचा. भाकरी तोंडात फिरायची. सासूबाई माझ्याकडे टक लावून बघत बसायच्या, आणि मी त्यांच्याकडे. मी एक भाकरी संपवली की त्याही एक संपवायच्या. मी दुसरी घेतली की त्याही. मी स्वयंपाकघरात चोरून खाते की काय, म्हणून त्या माझे हात हुंगून बघायच्या. मी हात पुढे करायची.

त्या देवळाच्या वाटेने पुन्हा गेल्या नाहीत. महिना उलटला तरी दोघींपैकी कोणीच भाताचं नाव काढलं नाही. नळीतला रंग पिवळा झाला, मग हिरवा. जखमेवर खपली धरली. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "वाचला. सुनेचे आभार माना."

"हिचे कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "मी माझ्या हट्टाने सोडला."

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या खोटं बोलत नव्हत्या.

त्यानंतरच्या आठवड्यात मी माहेरी, ठाण्यालाच, दोन दिवस राहून आले. घरात पाऊल टाकल्याबरोबर सासूबाईंनी विचारलं, "भात खाल्लास?"

"हो. पोटभर."

"कुठला तांदूळ?"

"आंबेमोहोर. वर तूप आणि मेतकूट."

त्यांनी माझा हात ओढून हुंगला. मग म्हणाल्या, "मुद्दाम सांगितलंस ना?"

"हो," मी म्हणाले, आणि ज्वारीचं पीठ मळायला बसले.