खंदकातला तिसरा

डबिंगवाल्यांत त्याला सगळे कण्हेर म्हणत. पडद्यावर मरणाऱ्या शिपायांसाठी कण्हणं हा त्याचा धंदा, म्हणून कण्हेर. आणि जीभही कण्हेरीसारखीच विषारी, म्हणून तर नक्कीच. चहा थंड आला तरी आणणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायचा. तरी लोक त्यालाच बोलवायचे, कारण त्याच्यासारखं मरणं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

पण कण्हण्याआधी तो विचारायचा, "हा कोण?" लेकराबाळांच्या बापाचा श्वास वेगळा तुटतो, घरून भांडून निघालेल्याचा वेगळा, असं त्याचं म्हणणं. जुने दिग्दर्शक सांगायचेही.

या नव्या युद्धपटाच्या दिग्दर्शकाला मात्र प्रश्नच कळला नाही. पडद्यावर कॅमेरा चिखलातून धावत होता, दोन्ही बाजूंना माणसं पडत होती, आणि एकाचाही चेहरा धड दिसत नव्हता.

"हा कोण?" कण्हेरने माइकपुढून विचारलं.

"कोण म्हणजे? खंदकातला तिसरा."

"घरी कुणी आहे का त्याला?"

"काका, आपण प्रेक्षकाला खंदकात नेऊन टाकतोय. गोळी त्याच्या कानाजवळून गेली पाहिजे. घरदार दाखवत बसलो की तो खंदकातून बाहेर पडतो."

"अरे, खाटीकसुद्धा बकऱ्याच्या तोंडाकडे एकदा बघतो!"

काचेपलीकडचा साउंडवाला फिस्सकन हसला. दिग्दर्शक हसला नाही. "तुम्ही फक्त कण्हा," म्हणाला.

कण्हेर कण्हला. तिसरा, सातवा, तारेत अडकलेला, पुलाखालचा, सगळे त्याने संध्याकाळपर्यंत मारून दिले. घसा पार बसला. घरी येऊन जेवणात मीठ कमी म्हणून बायकोवर ओरडायला गेला, तर आवाजच फुटेना.

पहिल्या खेळाचे पास आले तेव्हा तो जाणार नव्हता. बायकोने ओढून नेलं. "जन्मभर मेलात, एकदा तरी बघू द्या."

आत खुर्च्या हादरत होत्या. बायकोने कानांत बोटं घातली ती मध्यंतरापर्यंत काढली नाहीत. सिनेमा सुटला आणि बाहेर लोक एकमेकांना टाळ्या देत होते. "काय अनुभव होता! अंगावर काटा आला!"

"यातले तुम्ही कुठले?" बायकोने विचारलं.

"मेले ते बहुतेक सगळे."

ती जरा घुटमळली. "मग मला एकाचंही वाईट कसं वाटलं नाही?"

कण्हेरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी तिचाच राग आला. ज्या आवाजाबरोबर संसार केला तो हिला ओळखू येऊ नये? मग उमजलं, ओळखण्याजोगं त्यात काही शिल्लकच ठेवलेलं नव्हतं.

तेवढ्यात दिग्दर्शक हात पसरून आला. "काका! तुमच्या कण्हण्याने थिएटर हललं!"

कण्हेरने त्याचा हात झटकला. "त्या तिसऱ्याच्या बायकोला कुणी विचारलं, नवरा कसा होता, तर काय सांगेल ती? खुर्ची छान हलवायचा?"

दिग्दर्शकाचं हसू ओठांवरच गोठलं. "सिनेमा आहे तो. खरा माणूस नव्हताच तिथे."

"तेच तर बोंबलतोय मी!"

पुढच्या सिनेमासाठी त्याच दिग्दर्शकाचा फोन आला. कण्हेरने तो वाजू दिला. वाजतच राहिला तेव्हा बायकोने घेतला. "ते नाही येणार," म्हणाली आणि ठेवून दिला.

"तुला कुणी सांगितलं मधे पडायला?" कण्हेर खेकसला.

"मग लावा परत आणि जा."

तो गेला नाही.