कैचीतला जवाई

पांढरीपांडे सर भित्रे होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नालवाडीत ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे आणि लपवून मला काही मिळायचं नाही. गॅस बंद केला की परत जाऊन बटण पाहायचं, कुलूप लावलं की लोंबकळून पाहायचं, आणि कुठेही गेलं तरी पंख्याच्या बरोबर खाली म्हणून बसायचं नाही. पद्माबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "लोक लग्नात नवरी पाहतात, आणि आमचे हे छप्पर पाहतात."

खोटं नव्हतं ते. सरांनी वर्धेच्या एका पॉलिटेक्निकमध्ये जन्मभर कैच्या शिकवल्या. कैची म्हणजे टिनाच्या शेडखाली लोखंडी दांड्यांचे त्रिकोण जोडून केलेला सांगाडा, ज्याच्यावर सगळं छप्पर बसलेलं असतं. कोणत्या दांड्यात किती जोर येतो ते काढायची सरांची आवडती रीत होती सांध्या-सांध्याने सोडवायची. फळ्यावर कैची काढून ते म्हणत, सांधा म्हणजे घरातली बैठक समजा. जेवढे दांडे तिथे येतात त्यातला कोणी ओढतो, कोणी ढकलतो. पण सांधा जागचा हलत नाही ना? म्हणजे सगळ्यांची ओढाताण मिळून शून्य. आडवी शून्य, उभी शून्य. खांबावरच्या सांध्यापासून सुरू करा, तिथे दोनच अनोळखी असतात. त्यांची ओळख झाली की पुढच्या सांध्यावर चला.

असं करत करत सर खालच्या आडव्या दांड्याच्या मधोमध येत. तिथे डावीकडून एक आडवा, उजवीकडून एक आडवा, आणि वर कळसापासून सरळ उतरलेला एक उभा. सांध्यावर वजन काही नाही. आडव्यांना बिचाऱ्यांना आडवंच ओढता येतं. मग उभ्यात जोर किती?

"शून्य, सर," पोरं ओरडत.

"हा जवाई," सर म्हणत. "घराच्या मधोमध बसून राह्यते अन् कामाले हात लावत नाई."

सर घरात शुद्ध बोलत, पण हा विनोद मात्र वऱ्हाडीतच. वर्ग खदखदून हसे. सुरुवातीच्या वर्षांत सर पुढे आणखी एक वाक्य जोडत, की तरी त्याले उठ म्हणाचं नाई, खाली वजन आलं का तोच धरते. पण हसण्याच्या गलक्यात ते वाक्य मागच्या बाकापर्यंत कधी पोचलंच नाही. पुढे पुढे सरांनी ते म्हणणंच सोडून दिलं. पेपरात शून्य लिहिलं की मार्क मिळत होते, अन् मास्तरला तरी अजून काय पाहिजे असतं?

धनंजय चाफले हा त्या पुढच्या वर्षांतल्या एका वर्गातला पोरगा. त्याने पुढे जाम गावच्या चौफुलीजवळ वेल्डिंगचं दुकान टाकलं, मग शेडं बांधायला लागला, आणि हायवेला लागून स्वतःचं लग्नाचं लॉनही उभं केलं. त्या लॉनवरचं पहिलं लग्न त्याच्या बहिणीचं, काजलचं. सर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी धनंजय पत्रिका घेऊन नालवाडीत आला, पाया पडला, म्हणाला, "सर, तुमी पाह्यजेच. शेड मी बांधलं, पण डोकं तुमचं हाय."

आता यात कोणाला भीती वाटावी असं काय आहे? पण सर ते सर, तेव्हाच घाबरले.

लग्न दुपारचं होतं. धनंजयने सरांना समोरच्या सोफ्यावर नेऊन बसवलं, दोघांच्या हातांत मठ्ठ्याचे ग्लास दिले. बँडवाले, डीजेवाला, कुलर, सगळं एकदम सुरू. सरांनी डोक्यावरचा पंखा टाळण्यासाठी वर पाहिलं, आणि सवयीने डाव्या खांबावरच्या सांध्यापासून सुरुवात केली. हा ढकलतो, हा ओढतो. पुढचा सांधा. इथे तिरपा आला, तो ढकलतो. जोडकाम सुरेख होतं, पोरगं कष्टाळू खरंच. सर मधल्या सांध्यावर आले आणि त्यांच्या लक्षात आलं की तिथे सांधाच नाही. आडवा पाइप डावीकडून उजवीकडे सलग गेलेला. वरून काहीच उतरलेलं नाही. त्यांनी पुढची कैची पाहिली, त्याच्या पुढची पाहिली. सगळ्या तशाच.

धनंजय जवळून चालला होता. सरांनी त्याचा शर्ट धरला.

"मधला उभा कुठे आहे रे?"

धनंजयला आनंदच झाला. एवढ्या गर्दीत कोणीतरी त्याच्या कैचीकडे पाहिलं होतं. "जवाई का, सर? काढून टाकले सगळे," तो हसत म्हणाला. "तुमीच तं सांगतलं होतं, शून्य. शून्याले कायले लोखंड घालाचं?"

तो गेला. सरांनी घाबरून पुन्हा वर पाहिलं. पण मग त्यांनी स्वतःला समजावलं, आणि बरोबरच समजावलं. खाली वजन नाही, म्हणजे शून्य ते शून्यच. पाइप स्वतःच्या भाराने थोडा झुकेल, एवढंच. शेड उभं आहे, उभं राहील. उद्या धनंजयला नीट बोलावून सांगू, आज त्याच्या घरचं कार्य आहे. सरांनी मठ्ठ्याचा एक घोटही घेतला.

तेवढ्यात स्टेजवर कमळ आलं.

लोखंडी पट्ट्यांचं, वर गुलाबी कापडाच्या पाकळ्या, आत दोन माणसांची बैठक. हल्ली वरमाला जमिनीवर घालायची पद्धत राहिली नाही म्हणे. इव्हेंटवाला गोपाल माइकवर सांगत होता की नवरा-नवरी या कमळात बसून वर जाणार आणि अधांतरी एकमेकांना माळ घालणार. कमळाची साखळी मोटरवर गुंडाळलेली, आणि मोटर अडकवलेली कुठे? तर स्टेजच्या वरच्या कैचीला, आडव्या पाइपच्या बरोबर मध्यावर. फोटोत मधोमध दिसावं म्हणून.

सरांना दिसायला लागलं सगळं. मधल्या बिंदूवर वजन खाली ओढणार. वर ओढणारं तिथे कोण आहे? डावा आडवा, उजवा आडवा. त्यांना वर ओढताच येत नाही, ते वाकणार, वाकत जाणार, मग डावीकडचं जोडकाम सुटणार. कमळ वरच्या टोकाला असताना. काजल आत असताना. आणि कैची एकटी थोडीच येते, ती छप्पर घेऊन येते. खाली बायका-पोरं गाद्यांवर बसलेली, म्हाताऱ्या पुढे सरकून बसलेल्या, की नीट दिसावं.

सरांना उठायचं होतं, पण धीर होईना. जन्मभर कोणाच्या मंगल कार्यात मोठ्याने बोलले नव्हते ते. चुकलं तर? लोक म्हणतील, मास्तरचं डोकं फिरलं. नाही चुकलं तर? या दुसऱ्या विचाराने ते उठले.

धनंजयचे वडील महादेवराव फेटा बांधून पाहुण्यांना हात जोडत उभे होते. सर त्यांच्या कानाशी गेले. "महादेवराव, त्या कमळात पोरांना बसवू नका. छप्पर पडेल."

महादेवराव भला माणूस, समुद्रपूरकडे शेती करणारा, पण पोरीच्या लग्नात असा शब्द कोणाला सोसेल? त्यांचा चेहरा उतरला. "सर, तुमी मोठे मानसं. आजच्या दिवशी असं तोंडातून काढू नोका," ते म्हणाले आणि वळून दुसऱ्या पाहुण्यांकडे गेले.

डीजे कानठळ्या बसवत होता. नवरा सुमीत शेरवानी सावरत स्टेजवर चढला. मैत्रिणींनी काजलला आणलं. सर गर्दीतून धडपडत धनंजयपर्यंत पोचले आणि त्याच्या कानात ओरडले, "जवाई नाहीये तिथे. जवाई पाहिजे होता."

"हाय ना, सर," धनंजयही ओरडला आणि स्टेजवरच्या सुमीतकडे बोट दाखवून हसला. "तो काय जवाई."

"तो नाही रे, तो पडेल."

"नाई पडत, सर. थे लोक पट्टा बांधते."

कोणीतरी धनंजयला हाक मारली आणि तो गेला. सर तिथेच उभे. वर्षानुवर्षं ज्या शब्दावर वर्ग हसवला, तो शब्द आज उलटून अंगावर आला होता. रडू येईल असं वाटलं त्यांना, खरंच. समोर गोपाल कमळाचं दार उघडून काजलला हात देत होता.

पुढचं जे झालं ते जाममध्ये अजून सांगतात. पांढरीपांडे सर, जे पंख्याखाली बसत नसत, ते चपलेसकट स्टेजवर चढले, काजलला बाजूला सारलं आणि स्वतः कमळात जाऊन बसले. दोन्ही हातांनी पट्टी घट्ट धरली. उठेनात.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग मांडवात हशा पिकला. मोबाइल वर झाले. पद्माबाई सोफ्यावरून "अहो, अहो" म्हणत उठल्या आणि लाजेने पुन्हा बसल्या. "काका, उतरा जी," गोपाल म्हणाला. सरांनी मान हलवली. सुमीतने समजावलं, महादेवराव आले, त्यांचा राग डोळ्यांत उतरला होता, पण गुरुजींना हात धरून ओढायचं कसं? सर बसले ते बसले. दात वाजत होते त्यांचे.

शेवटी गोपालनेच तोडगा काढला. लोक हसताहेत, हसू दे. "चला, पयले काकांले चक्कर," तो माइकवर म्हणाला आणि त्याने मोटरच्या रिमोटचं बटण दाबलं.

सरांनी डोळे मिटले. कमळ स्टेजपासून हातभर सुटलं असेल नसेल. वरून एक आवाज आला, जुनं दार कुरकुरतं तसा, पण जाड. डीजेतही तो पुढच्या लोकांना ऐकू गेला. सरांच्या टकलावर काहीतरी पडलं. त्यांनी हात फिरवला, रंगाच्या खपल्या होत्या. आता जातो मी, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि पद्माला गॅस पाहायला कोण सांगेल, हेही आलं.

"धनंजय," ते ओरडले. त्यांचा आवाज चिरकला. "मधला सांधा सोडव. खालचा, मधला. वर कोण ओढतो सांग."

वर्गात ज्या शब्दांत प्रश्न विचारत त्याच शब्दांत. धनंजयची मान आपोआप वर गेली. पाइप मध्यावर खाली वाकला होता, डोळ्यांना दिसेल इतका, आणि डावीकडच्या जोडाजवळ रंग फाटून लोखंड उघडं पडलं होतं. डावा आडवा. उजवा आडवा. खाली वजन. वर कोणीच नाही. त्याचा चेहरा पांढरा फटक पडला.

"खाली घे," तो म्हणाला. डीजेत गोपालला ते ऐकूच गेलं नाही, म्हणून धनंजयने त्याच्या हातातला रिमोटच हिसकावला. कमळ स्टेजला टेकलं. मग त्याने स्वतः डीजे बंद केला आणि स्टेजपुढच्या बायकांना हात जोडून मागे सरकायला लावलं. सगळा मांडव बाहेर कडुलिंबाच्या झाडांखाली हलवला. काजलने सुमीतला माळ तिथे मातीत उभं राहून घातली. फोटो बरे आले म्हणतात.

सरांना कमळातून उतरवायला दोघे लागले. पट्टीवरची बोटं सुटेनात. त्यांना बाहेर नेऊन खुर्चीवर बसवलं, पद्माबाई पदराने त्यांचं डोकं पुसत राहिल्या. महादेवराव आले, सरांच्या पायांवर फेट्यासकट डोकं ठेवून गेले.

पंगती उठल्यावर धनंजय येऊन सरांच्या पायाशी जमिनीवर बसला. शर्ट घामाने चिकटला होता.

"उद्याच सगळे जवाई बसवतो, सर," तो म्हणाला. मग जमिनीकडेच पाहत म्हणाला, "पन सर, तुमी वर्गात शून्य सांगतलं. शून्य हाय तं ठेवाचा काऊन, थे नाई सांगतलं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, सरांना बचाव तरी करता आला असता. त्यांनी बाहेरूनच शेडातल्या त्या वाकलेल्या पाइपकडे पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांपुढे वर्ग आला, एकामागून एक वर्षांचे वर्ग, सगळी पोरं हसताना. कमळात बसल्यावर वाटली त्याहून मोठी भीती आता त्यांच्या छातीत येऊन बसली.

"धनंजय," त्यांनी हळूच विचारलं, "तुझ्या वर्गातली आणखी कोण कोण शेडं बांधतात रे?"

धनंजयने मान वर केली. त्यालाही ते आताच सुचलं होतं.

"सगळेच, सर," तो म्हणाला.